प्रोफेंची मान

प्रोफे चालताना दर चार पावलांनी मागे बघत. आधी डाव्या खांद्यावरून, मग उजव्या. रस्त्यावर, सुपरमार्केटच्या रांगेत, आमच्या घरी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येताना सुद्धा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटे, या माणसाच्या मागे कोणीतरी लागलंय. आमच्या शेजारच्या बाईंनी एकदा मला गेटपाशी गाठून हळूच विचारलं, "तुमच्या त्या पाहुण्यांना काही प्रॉब्लेम आहे का? पोलिसांना कळवायचं का?" मी म्हटलं, तसं काही नाही, ते इक्वेडोरचे आहेत आणि मिडफिल्डर होते. एवढ्यावर त्यांचं समाधान झालं की काळजी वाढली, ते मला कळलं नाही.

मैदानाच्या मधोमध खेळणाऱ्याच्या अंगावर चारही बाजूंनी माणसं येतात. म्हणून बॉल येण्याआधीच त्याला मागे कोण आहे आणि मोकळी जागा कुठे आहे हे बघून ठेवावं लागतं. प्रोफेंनी हे सतराव्या वर्षापासून गुडघा जाईपर्यंत केलं. खेळणं थांबलं, मान थांबली नाही.

आमची ओळख झाली ती या मानेमुळेच. कॉव्हेंट्रीबाहेरच्या एका वेअरहाऊसमध्ये मी शिफ्ट लावण्याचं काम करतो. तिथे ते फोर्कलिफ्ट चालवायला आले. गाडी मागे घेताना दोन्ही खांद्यांवरून बघायचं असा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता आणि तो कोणीही पाळत नव्हतं. आमचा सेफ्टी ऑफिसर या एका गोष्टीने खचला होता. त्याने प्रोफेंना बघितलं आणि त्याला गहिवरून आलं. सगळ्या शिफ्टला उभं करून त्यांना एक सर्टिफिकेट देण्यात आलं. प्रोफेंनी ते फ्रेम करून आपल्या खोलीत लावलं. "इंग्लंडने मला दिलेली एकुलती एक ट्रॉफी," ते म्हणायचे.

इंग्लंडमध्ये ते आले होते खेळायला. इथल्या एका क्लबने ट्रायलसाठी बोलावलं, दुसऱ्याच आठवड्यात गुडघा गेला आणि क्लबने हात वर केले. त्याआधी मायदेशी त्यांना एकदा राष्ट्रीय संघाचं बोलावणं आलं होतं. देशाचा शर्ट घालून ते टच-लाइनवर पूर्ण सेकंड हाफ वॉर्म-अप करत धावत राहिले, पण त्यांना आत घेतलंच नाही. ही गोष्ट ते इतक्या रंगवून सांगत, की आम्ही पोट धरून हसायचो. शेवटी मात्र नेहमी एकच वाक्य यायचं, "सेक्रेतारियो, मी अजून वॉर्म-अपच करतोय." इथे राहून त्यांनी कोचिंगच्या सगळ्या परीक्षा दिल्या होत्या. मॅनेजर व्हायचं, खऱ्या क्लबचा, हे एकच त्यांच्या मनात होतं. वर्षानुवर्षं ते अर्ज करत होते आणि नम्र भाषेतले नकार येत होते.

सेक्रेतारियो म्हणजे मी. आमच्या मंडळाच्या फुटबॉल टीमचा सेक्रेटरी आणि, दुसरं कोणी मिळेना म्हणून, लेफ्ट बॅक. गणपती बसवणाऱ्या लोकांनी कौन्सिलचं ग्राउंड स्वस्तात मिळतंय म्हणून काढलेली ही टीम. रविवारच्या लीगमध्ये सगळ्यात खालच्या डिव्हिजनमध्ये आम्ही सगळ्यात खाली. कॅप्टन कांबळे डॉक्टर भूलतज्ज्ञ होते, आणि समोरच्या फॉरवर्डसोबत ते ऑपरेशन टेबलावरच्या पेशंटशी बोलावं तितक्या हळुवारपणे वागत. अशा टीमला कोच म्हणून मी प्रोफेंना विचारलं. माझी अपेक्षा होती की ते हसतील. ते म्हणाले, "ग्राउंड किती वाजता उघडतं?"

त्यांच्याकडे फुटबॉलच्या कोचला 'प्रोफे' म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. मंडळातल्या बायकांना वाटलं, हे कुठल्या तरी युनिव्हर्सिटीतले प्रोफेसर असणार. पाटीलबाईंनी मुलीची मॅथ्सची वही पुढे केली. प्रोफेंनी खुलासा करण्याऐवजी खुर्ची ओढली आणि दोन तास त्रिकोण शिकवले. "त्रिकोण मला येतात," ते मला नंतर म्हणाले, "मैदानावर पास देत आयुष्यभर तेच केलं."

पहिले तीन आठवडे त्यांनी आम्हाला बॉलच दाखवला नाही. दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही ग्राउंडवर नुसते चालायचो आणि मान वळवायचो. मागे एक जण बोटं वर करून उभा असे. किती बोटं ते सांगता आलं तरच पुढे जायचं. "मागे बघायचं ते बॉल यायच्या आधी," ते ओरडायचे. "बॉल पायात आला की मागचं संपलं! मग फक्त पुढे!" चौथ्या गुरुवारी निम्म्या टीमच्या माना आखडल्या होत्या. ऑफिसमध्ये कोणी हाक मारली तर आम्ही खुर्चीसकट वळायचो. माझी बायको वैशाली मानेला बाम चोळत म्हणाली, "फुटबॉल खेळून मान कशी रे आखडते? मला तर वाटतं, यू आर ऑल डुइंग इट राँग." आम्ही नंतरही हरतच राहिलो. पण आधी नऊ-नऊ गोल व्हायचे ते चार-पाचवर आले, आणि आता आपल्यावर गोल कुठून होणार हे आम्हाला आधी दिसायचं.

दर रविवारी मॅच झाली की प्रोफे आमच्याकडे जेवायला असत. पहिल्याच दिवशी वैशालीने आमटी वाढली. प्रोफेंनी टेबलावरचा पॉपकॉर्नचा वाडगा पुढे ओढला, मूठभर पॉपकॉर्न आमटीत टाकलं आणि शांतपणे खायला सुरुवात केली. वैशालीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांच्या देशात सूपमध्ये पॉपकॉर्न टाकतात हे आम्हाला मागाहून कळलं. तिसऱ्या रविवारी माझ्या मुलीने तेच केलं. पाचव्या रविवारी वैशाली स्वतः. आता आमच्याकडे आमटीबरोबर पॉपकॉर्न नसेल तर काहीतरी राहिलंय असं वाटतं.

अशाच एका रविवारी प्रोफेंनी आमटीचा वाडगा न संपवताच बाजूला सारला. मग फोन काढून त्यांनी मला एक मेल दाखवला. समुद्रकाठच्या त्यांच्या गावचा क्लब, जिथे ते सतराव्या वर्षी खेळायला लागले तोच, सेकंड डिव्हिजनमध्ये धडपडत होता आणि मॅनेजर शोधत होता. शेवटच्या काही जणांत यांचं नाव होतं. क्लबची एकच मागणी होती: सध्या तुम्ही ज्या टीमचे मॅनेजर आहात तिच्या एका पूर्ण मॅचचा व्हिडिओ महिनाअखेरपर्यंत पाठवा.

सध्याची टीम म्हणजे आम्ही.

बातमी मंडळाच्या ग्रुपवर गेली आणि सगळे पेटले. शूटिंगची जबाबदारी पेंडसेकाकांनी उचलली. काकांनी वीस वर्षांत मंडळाची एकही मुंज, बारसं किंवा हळदीकुंकू सोडलेलं नव्हतं. स्वतःचा ट्रायपॉड, स्वतःचा कॅमेरा. "तू टेन्शन घेऊ नकोस," त्यांनी मला सांगितलं. "फर्स्ट क्लास फिल्म होईल. टायटल्स पण टाकतो."

परदेशात जाणारी फिल्म म्हटल्यावर मंडळाच्या कमिटीला राहवेना. मॅचच्या आधी समोरच्या टीमच्या कॅप्टनचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा असं ठरलं. कॅप्टन प्लंबर होता, आडदांड. कांबळे डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि त्याच्या कार्याचा गौरव करणारे चार शब्द बोलले. तो इतका हेलावला, की त्याने डॉक्टरांना मिठी मारली. रेफरीने तीनदा शिट्टी मारली तेव्हा कुठे मॅच सुरू झाली. मग त्या प्लंबरने आमच्यावर तीन गोल केले. प्रत्येक गोलनंतर तो डॉक्टरांना सॉरी म्हणत होता.

त्या दिवशी प्रोफेंनी निशांतला बेंचवर बसवलं होतं. निशांत इथेच जन्मलेला, बावीस वर्षांचा, आमच्यातला सगळ्यात वेगवान. पण आठवडाभर त्याचा घोटा दुखत होता आणि तो ते लपवत होता. त्याच्या जागी मला पुढे ढकललं. सेकंड हाफमध्ये बॉल माझ्याकडे येताना मी सवयीने मागे बघितलं, डावीकडे मोकळं रान दिसलं, तिकडे वळलो आणि डोळे मिटून मारला. गोल. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, आयुष्यातला पहिला. आम्ही तीन-एकने हरलो आणि जिंकल्यासारखे नाचलो.

फिल्म तयार झाली. क्लबला पाठवायची म्हणून काकांनी ती माझ्याकडे दिली. मी घरी बसून ती पूर्ण बघितली आणि पुन्हा पहिल्यापासून लावली.

काकांनी मॅचचं शूटिंग मुंजीसारखं केलं होतं. मुंजीत कॅमेरा कुणावर असतो? उत्सवमूर्तीवर. आणि त्या दिवशीची उत्सवमूर्ती प्रोफे होते. कॅमेरा नव्वद मिनिटं त्यांच्यावर रोखलेला. मधेच आलेल्या मंडळींचे चेहरे, वैशाली थर्मासमधून चहा ओतताना, साबुदाणावड्यांचा डबा जवळून, सत्काराची अख्खी अकरा मिनिटं. बॉल अधूनमधून पाहुण्यासारखा डोकावून जायचा. माझा गोलसुद्धा त्यात नव्हता. माझ्या गोलच्या वेळी पडद्यावर फक्त प्रोफेंचा चेहरा होता. डोळे मोठे होतात, तोंड उघडतं, ते हात वर करतात. मग लगेच मान वळते, डावीकडे, उजवीकडे. बेंचवर निशांत एकटा खाली मान घालून बसलेला त्यांना दिसतो. सगळे मैदानात नाचत असताना ते जाऊन त्याच्याशेजारी बसतात.

हे इक्वेडोरला पाठवणं शक्य नव्हतं. महिना संपायला दोन आठवडे होते आणि मधल्या रविवारी अजून एक मॅच होती. निशांतच्या एखाद्या मित्राला सांगून नीट शूटिंग करता आलं असतं. सांगायला एक फोन पुरला असता.

मी तो फोन केला नाही. स्वतःला सांगितलं, की काकांना वाईट वाटेल. खरं कारण मला माहीत होतं. प्रोफे गेले तर गुरुवारची संध्याकाळ गेली, रविवारचं जेवण गेलं. या देशात येऊन वीस वर्षं झाली, ओळखी पुष्कळ झाल्या, मित्र एकच झाला होता. व्हिडिओ असाच गेला तर तिकडून नकार येईल आणि ते इथेच राहतील. मी बटण दाबलं आणि फिल्म पाठवून दिली. टायटल्ससकट.

तीन आठवडे मला प्रोफेंच्या डोळ्यांना डोळा देता येईना. मग एका गुरुवारी ते ग्राउंडवर आले आणि सगळ्यांना गोल उभं केलं. क्लबच्या अध्यक्षांचा मेल होता. त्यांनी तो आम्हाला अडखळत इंग्रजीत वाचून दाखवला: आमच्याकडे व्हिडिओंचा ढीग आला. सगळ्यांत फुटबॉल होतं, मॅनेजर कुठेच नव्हता. तुमच्या व्हिडिओत आम्हाला मॅनेजर दिसला. गोल झाल्यावर जो माणूस बेंचकडे बघतो, तो आम्हाला पाहिजे. ताबडतोब या. ता. क. त्या डब्यात काय होतं?

पोरांनी एकच गिल्ला केला. पेंडसेकाका म्हणाले, "मी सांगितलं नव्हतं? अँगल महत्त्वाचा!" निशांत माझ्याशेजारी उभा राहून डोळे पुसत होता. "तेव्हा मला बेंचवर बसवला म्हणून खूप राग आली होती, काका," तो म्हणाला. "पण तो येऊन एवढाच विचारला, इथून तुला काय दिसते? नोबडी एव्हर आस्क्ड मी दॅट." प्रोफेंनी सगळ्यांसमोर माझे आभार मानले. सेक्रेतारियोमुळे हे झालं म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रोफेंना बस स्टेशनवर सोडायला मी एकटाच गेलो, कारण एअरपोर्टची बस सकाळी अकराची, कामाच्या दिवशीची होती. एक सूटकेस, काखेत ते फ्रेम केलेलं सर्टिफिकेट आणि वैशालीने दिलेला साबुदाणावड्यांचा डबा. बस लागली तेव्हा माझ्याने राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. की व्हिडिओ वाईट आहे हे मला माहीत होतं. की पुन्हा करता आला असता. की तुम्ही जाऊ नये म्हणून मी तो तसाच पाठवला.

प्रोफे म्हणाले, "तू पाठवायच्या आधीच पेंडसेंनी मला घरी बोलावून दाखवला होता. चहा, चिवडा, सगळं. टायटल्सचा रंग कसा आहे विचारलं."

"मग तुम्ही काही बोलला का नाही?"

त्यांनी सूटकेसचा हँडल वर ओढला, परत खाली ढकलला. "कारण मीही तोच विचार करत होतो, सेक्रेतारियो. नकार आला तर किती बरं होईल."

त्यांनी मला मिठी मारली, पाठीवर दोन थापा मारल्या आणि बसकडे निघाले. दारापर्यंत वीस-एक पावलं होती. मी मोजायला लागलो. चार झाली. आठ झाली. बारा. मी हात वर करून तयार होतो. त्यांची मान एकदाही वळली नाही.

बस वळणावरून दिसेनाशी झाल्यावर मी कार पार्ककडे चालू लागलो. चौथ्या पावलाला माझी मान वळली. आधी डाव्या खांद्यावरून, मग उजव्या.