पायवाटेवरचा नमस्कार

आम्हाला खरं तर इटलीतल्या आल्प्समध्ये जायचं होतं. माझ्या प्रयोगशाळेत पूर्वी एक इटालियन सहकारी होता. माझी मुलगी तिसरीत असताना त्याने तिला ग्रान पारादिसो नावाच्या राष्ट्रीय उद्यानाचं कॅलेंडर दिलं होतं. पानोपानी बर्फाचे सुळके, आणि त्यांच्या अगदी टोकाशी उभ्या असलेल्या रानबकऱ्या, मागे वळलेल्या लांबलचक शिंगांच्या. वर्ष संपलं तरी तिने ते भिंतीवरून काढू दिलं नाही. प्राथमिक शाळा संपली की तुला या बकऱ्या दाखवायला नेतो, असं माझ्या नवऱ्याने तिला कबूल केलं आणि तो लगेच कामाला लागला. कुठल्या गावात राहायचं, कुठल्या दरीतून चढायचं, बकऱ्या सकाळी कुठल्या उतारावर येतात, सगळं त्याला पाठ झालं. तो इथे जपानमध्ये, नागोयात, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर आहे. ठरवण्याचा भाग त्याला फार आवडतो.

जायची वेळ मात्र दोनदा पुढे गेली, एकदा माझ्या कॉन्ट्रॅक्टमुळे, एकदा त्याच्या ऑफिसमुळे. शेवटी तिकिटं निघाली तेव्हा मुलगी तेरा वर्षांची होती आणि तिने शाळेत जाणं सोडून दिलं होतं. शाळेत न जाणाऱ्या मुलांसाठी इथे शब्द आहे, फुतोको. मुलं इतकी आहेत की शब्द रोजच्या वापरातला झाला आहे. विमानतळावर निघायच्या सकाळी ती खोलीतून बाहेरच आली नाही. भरलेल्या बॅगा दारात, आणि आम्ही दोघं बंद दाराशी उभे. त्या हिवाळ्यात तिने बोलणंही बंद केलं.

काही झालं होतं का, असं सगळे विचारतात. झालं काहीच नव्हतं, निदान आम्हाला सापडलं तरी नाही. वर्गशिक्षिका घरी येऊन वाकून गेल्या, समुपदेशक झाली, डॉक्टर झाले. कुणी तिला त्रास दिला नव्हता. ती जेवायची, अंघोळ करायची, कधी कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानात जाऊन आइस्क्रीम आणायची, कारण तिथे यंत्रावर पैसे भरता येतात आणि तोंड उघडावं लागत नाही. आमच्याशी हो-नाही मानेने. पुढेपुढे तेही नाही.

डॉक्टर म्हणाले, वाट पाहा. समुपदेशकही तेच म्हणाली, वाट पाहू या. इथले लोक वाट पाहण्यात तरबेज आहेत. मी पुण्याची. तिथला दुकानदारही ताटकळत ठेवतो, पण शेवटी अपमान करून का होईना, उत्तर देतो. मला उत्तर हवं होतं. शिवी चालली असती, 'चालती हो' चाललं असतं, जपानीत चाललं असतं. तिने माझ्याशी एक शब्द बोलावा, याखेरीज त्या वर्षात मला काही नको होतं. कॉन्ट्रॅक्ट वाढलं तेव्हा आनंदाने माझ्या पाठीवर थाप मारणाऱ्या प्राध्यापकांचा मला राग आला.

ऑक्टोबरात नवऱ्याने कामिकोचीचं माहितीपत्रक आणलं. जपानी आल्प्समधलं हे राष्ट्रीय उद्यान, नागोयाहून काही तासांवर. मी म्हटलं, "नाव आल्प्स ठेवलं म्हणून इटली होत नाही." तो म्हणाला, "अगं, तिला कुठे विचारतोय आपण? नुसतं दाराखालून सरकवू." आणि त्याने सरकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घराच्या दारात, चपला काढतो तिथे, तिचे डोंगरात चालायचे बूट बाहेरच्या दिशेने तोंड करून ठेवलेले होते. इटलीसाठी घेतलेले, न वापरलेले. वर्षभरात पाय वाढला होता, ते तिला येणार नव्हते. मी तिच्या इतर बुटांवरून अंदाजाने माप काढलं आणि एक साईज मोठे बूट आणून त्याच जागी ठेवले. आमच्या घरात त्या दिवसांत असं बोलणं चालायचं.

कामिकोचीत स्वतःची गाडी नेता येत नाही. खाली गाडी ठेवून बसने बोगद्यातून वर जावं लागतं. आम्ही तळ्यापाशी उतरलो. फार पूर्वी ज्वालामुखीच्या उद्रेकाने नदी अडली आणि हे तळं झालं. पाण्यात बुडून मेलेली झाडं अजून तशीच उभी आहेत, पांढरी, पानं नसलेली. लोक त्यांचे फोटो काढायला पहाटेपासून रांग लावतात. नवऱ्याने मुलीला म्हटलं, "बघ, काय सुंदर आहे." तिने पाठीवरच्या पिशवीची घंटी हाताने धरून ठेवली होती, वाजू नये म्हणून. अस्वलांना चाहूल लागावी म्हणून ही घंटी इथे सगळे बांधतात.

पायवाटेने दहा मिनिटं चाललो. मग समोरून दोन काठ्या टेकत एक म्हाताऱ्या बाई आल्या आणि डोंगरातल्या रिवाजाप्रमाणे नमस्कार करत म्हणाल्या, "कोन्निचिवा." मी म्हटलं, नवऱ्याने म्हटलं. आणि मागून तिसरा आवाज आला, "कोन्निचिवा."

मी जागच्या जागी थबकले. आवाज बदलला होता. थोडा खाली उतरला होता, जाड झाला होता, दुसऱ्याच कुणाच्या मुलीचा असावा तसा. आपल्या मुलीचा आवाज बदलतो तेव्हा आईला रोज ऐकून ते कळतसुद्धा नाही. मला तो एकदम, तयारच मिळाला. नवऱ्याने माझा दंड दाबला, म्हणजे मागे वळू नकोस. मी वळले नाही. डोळ्यांत पाणी आलं ते चालता चालताच पुसलं.

पुढे एक तरुण जोडपं आलं. "कोन्निचिवा." मग शाळेची पिवळ्या टोप्यांची सहल आली, आणि मुलगी बिचारी ओळीतल्या प्रत्येक पोराला उत्तर देत राहिली. शहरात कुणी अनोळखी माणसाकडे बघत नाही. लिफ्टमध्ये शेजारी भेटला तर आकड्यांकडे बघतात. पण डोंगरात पाऊल टाकलं की तीच माणसं समोरच्या प्रत्येकाला नमस्कार करतात. तिने तो नियम पाळला, बस. हे मला आता कळतं. तेव्हा मी गर्दीची वाट शोधत होते. नकाशात एक शांत फाटा होता, सुंदर होता म्हणे, तो मी मुद्दाम टाळला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आणि त्या वाटेवर तर काड्याच काड्या येत होत्या.

झुलत्या लाकडी पुलावर पोचलो. सगळं कामिकोची इथे येऊन उभं राहतं. मागे कड्यांची रांग, खाली काचेसारखं पाणी, आणि सेल्फीसाठी रेटारेटी. नवऱ्याला राहवलं नाही. त्याने पुण्याला फोन लावला.

"आई, बोलायला लागली बरं का."

सासूबाईंचा आवाज मला चार हातांवरून ऐकू आला. "खरं सांगतोयस? देव पावला रे. काय बोलली?"

तो अडखळला. "नमस्कार करतेय. येईल-जाईल त्याला नमस्कार करतेय."

ती लहान असताना पुण्याला गेलो की पाहुणे यायचे आणि सासूबाई म्हणायच्या, नमस्कार कर गं. ही माझ्या ओढणीमागे लपायची. सगळे हसायचे, लाजते म्हणायचे. आता सासूबाई फोनवर रडत होत्या. "दे बरं तिच्याकडे. आजीला पण कर म्हणावं."

नवऱ्याने फोन स्पीकरवर टाकून तिच्यासमोर धरला. "सोन्या," फोनमधून आवाज आला, "आजीला नमस्कार नाही का करायचा?" मुलगी कठड्यावर हात ठेवून पाण्याकडे बघत होती. आजूबाजूचे लोक फोटोसाठी सरकून घेत होते. "सोन्या? ऐकू येतंय का रे तिला?" नवऱ्याने फोन कानाला लावला आणि रेंज जातेय म्हणाला. रेंजच्या पाचही दांड्या होत्या.

नदीच्या वरच्या अंगाला तासाभराच्या चालीवर दुसरा पूल आहे आणि त्याच्याजवळ एक जुनी झोपडीवजा खानावळ. तिथे बाकावर बसून मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. शेजारी कोळशावर मासे भाजत होते. भाजणाऱ्या काकांशी नवऱ्याने गप्पा लावल्या, त्याला गप्प बसवत नाही. डोंगरात सगळे नमस्कार का करतात, असं त्याने विचारलं. काका म्हणाले, एक तर बरं वाटतं. शिवाय कुणी हरवलं तर शोधताना उपयोग होतो, अमुक वळणावर अशी मुलगी पाहिली, तिने नमस्कार केला होता, असं लोकांना आठवतं. मुलगी दशमीचे बारीक तुकडे करून खात होती. खाऊन झाल्यावर तिने कागद घडी करून आपल्या पिशवीत ठेवला, कारण इथे कचरा ज्याचा त्याने परत न्यायचा असतो.

तिथेच ते माझ्या डोक्यात आलं. परतीला नदीच्या दोन्ही काठांनी वाटा आहेत. एक सरळ, रुंद. दुसरी पाणथळीतून, फळ्यांच्या अरुंद वाटेने, थोडी लांबची. मुलगी वाटेवर मागून येणाऱ्याशी बोलत नव्हती, बरोबरच्याशी बोलत नव्हती, समोरून येणाऱ्याशी बोलत होती. मग मला समोरून यायला हवं होतं. इतकी साधी गोष्ट होती. एरवी मी उपकरणं जुळवून पेशींकडून उत्तरं काढते, आणि तितक्याच थंड डोक्याने मी हे ठरवलं.

नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही दोघं फळ्यांच्या वाटेने या. मी पलीकडून जाते, मला जरा भरभर चालायचंय." त्याला कळलं की नाही, माहीत नाही. त्याचा गुडघा दुखायला लागला होता, तो नुसता बरं म्हणाला.

मी जवळजवळ पळतच गेले. वाटेत पाऊस सुरू झाला. रेनकोट चढवला, टोपी ओढून घेतली. लोक नमस्कार करत होते आणि मी धापा टाकत उत्तरं देत होते. एका माकडिणीने पिल्लाला पोटाशी धरून माझ्यासमोरून वाट ओलांडली, सावकाश, जसं काही तिला कुठेच पोचायचं नव्हतं. तिचाही मला राग आला. झुलता पूल ओलांडला, पलीकडच्या काठाने उलटी वळले आणि फळ्यांच्या वाटेवर चालू लागले.

पावसाने वाट मोकळी झाली होती. दोन्ही बाजूंना पाणी, गवत पिवळं पडलेलं. मी मनात घोकत होते. ती बोलली की मी काय बोलायचं? जवळ घ्यायचं का? नको, डॉक्टर म्हणाले होते, अंगावर जाऊ नका. नुसतं हसायचं. मग बरोबर वळायचं, आणि पुलापर्यंत बाजूबाजूने चालायचं. पुढचं पुढे. मला खरोखर वाटत होतं की आज काहीतरी सुटणार.

आधी घंटी ऐकू आली. आता तिने ती धरून ठेवलेली नव्हती. मग वळणावर निळा रेनकोट दिसला. ती एकटीच पुढे होती, नवरा मागे कुठेतरी लंगडत राहिला असणार. फळ्यांवरून पाय घसरू नये म्हणून खाली बघत चालत होती. वाट एका माणसापुरती. मी रिवाजाप्रमाणे कडेला रुंद फळीवर थांबले आणि तिला वाट दिली.

ती दोन पावलांवर आल्यावर मी म्हटलं, "कोन्निचिवा."

तिने मान वर केली. तिने मला ओळखलं. हे मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं आहे, पावसाने असेल, टोपीने असेल, असं म्हणून पाहिलं आहे. तसं नव्हतं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, डोळ्यांत पाहिलं, वर्षभरात पाहिलं नव्हतं तसं. मग म्हाताऱ्या बाईंसमोर झुकवली होती तेवढीच मान झुकवली आणि त्याच आवाजात, त्याच सुरात म्हणाली, "कोन्निचिवा."

आणि वाट दिल्याबद्दल आणखी एकदा जराशी वाकून पुढे गेली.

मी वळून तिच्याबरोबर चालणार होते. माझ्याने हलवेना. घंटी लांब जात गेली आणि पावसात ऐकू येईनाशी झाली. तिच्यामागून एक कुटुंब आलं, त्यांनी नमस्कार केला, मी केला.

बऱ्याच वेळाने नवरा आला, एका हाताने कठड्याचा दोर धरून. मला तिथे पाहून तो मुळीच चकित झाला नाही. म्हणजे त्याला कळलं होतं. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, पण पाऊस होता.

"भेटली?"

"हो."

"बोलली तुझ्याशी?"

मी हो म्हटलं.

"काय म्हणाली?"

"नमस्कार म्हणाली."

त्याचा चेहरा इतका उजळला की मला पुढचं बोलवेना. त्याने ओला हात शर्टाला पुसला, रेनकोटच्या आतून फोन काढला आणि आईचा नंबर लावला.