गजभियेंच्या घरी दोन टीबी

रायपुरच्या चौबे कॉलोनीत साहूचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि त्याला लागून चहाचा ठेला. बाक ठेल्याचा, सावली दुकानाची आणि बसणारे आम्ही तिघं रिटायर्ड. साहू कुणाचाही कंप्युटर उघडला की आधी ब्लोअर मारतो. आत साचलेली धूळ उडते आणि आमच्या चहात पडते. आम्ही पितो. किस्से असेच जमतात. ते मागवावे लागत नाहीत, नुसतं वाऱ्याच्या दिशेला बसावं लागतं!

तिघांपैकी मी एका सरकारी ऑफिसातला बाबू. दुसरे देशमुख, ज्यांना सगळ्यातलं कळतं. तिसरे गजभिये, रेल्वेतले गार्ड. त्यांचं घर गुढियारीत. कान जरा अधू, म्हणून बोलणं मोठ्यानं.

हे किस्से गजभियेंच्या घरातल्या एकाच मशीनचे आहेत. मशीन त्यांच्या मुलाचं, नितीनचं. नितीन प्रोग्रॅमर होता. मागच्या वर्षी नव्या रायपुरच्या रस्त्यावर अपघातात गेला. तिथले रस्ते रुंद आणि गाड्या कमी. जी येते ती मोकळ्या मनानं येते.

त्याची बायको पल्लवी, तीही प्रोग्रॅमर. घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं कंत्राटी काम करते, त्याच मशीनवर. गजभियेंची पेन्शन औषधांच्या दुकानात जाते, त्यामुळे घर आता तिच्यावर. आणि मशीनची जुनी हार्ड डिस्क इतकी हळू झाली होती की तिचं काम वेळेत जाईना. कंत्राट महिनाअखेर संपणार होतं. पुढचं मिळणं न मिळणं त्या डिस्कच्या हातात! म्हणून एसएसडी, म्हणजे नव्या जातीची जलद डिस्क, घ्यायची ठरली.

*

पहिला घोळ मापाचा, म्हणजे टेराबाइटचा. ‘एक टीबी पुरते का दोन टीबी लागते?’ हे गजभिये फोनवर सुनेला विचारत होते, म्हणजे अख्ख्या चौबे कॉलोनीला विचारत होते. ‘एक टीबी भरला? मंग दोन टीबीच लावून टाकू!’

दुसऱ्या दिवशी ठेलेवाल्यानं त्यांना चहा कागदाच्या कपात दिला. आम्हाला काचेच्या ग्लासात.

बातमी गुढियारीत त्यांच्या आधी पोचली. शेजारीण उकडलेली अंडी घेऊन आली, दारातूनच शांताबाईंना, म्हणजे गजभियेंच्या बायकोला म्हणाली, ‘दीदी, सुना है बहू को टीबी...’

शांताबाईंनी नवऱ्याकडून ऐकलं होतं तेवढं सांगितलं. ‘हव, दो टीबी. यहाँ दुकान में नहीं मिला, नागपुर से मँगवा रहे हैं.’

अंडी उंबऱ्यावरच राहिली. शेजारीण अजून आलेली नाही.

*

मग जातीचा प्रश्न. म्हणजे डिस्कच्या. दिसायला सगळ्या सारख्याच, च्युइंगमच्या पट्टीएवढ्या. पण काही जलद चालतात, काही बेताच्या, आणि प्रत्येक मशीनला प्रत्येक चालत नाही. साहूनं दुकानात होती तीच पुढे केली.

गजभियेंनी चष्मा वर केला. ‘ह्या मशीनचा गेज कोणता? छोट्या लाइनवर मोठं इंजन चढवून राहिला का बे?’

‘बैठ जाएगा अंकल, एकदम बैठ जाएगा!’

‘बसाले काय, आम्ही बी इथं रोज बसून राह्यतो. चालतो का कुठं?’

साहूनं पट्टी परत डब्यात ठेवली.

*

एक गोष्ट मला पल्लवीकडून कळली. ही डिस्क लिहिण्यानं झिजते. वाचण्यानं तिला काही होत नाही. ठरावीक लिहून झालं की ती संपते.

मला नवल वाटलं नाही. आमच्या ऑफिसात मी आयुष्यभर लिहिलं आणि साहेबांनी फक्त वाचलं, तेही सही कुठं करायची ते शोधण्यापुरतं. साहेब अजून सकाळी बॅडमिंटन खेळतात!

*

कंत्राटाच्या मॅनेजरशी एकदा स्पीकरवर मीटिंग चालू होती. पल्लवीचं काम पुन्हा अडकलेलं. ती म्हणाली, आज सुटी हवी, घरी नितीनचा वर्षाचा दिवस आहे. मग मॅनेजर म्हणाला, ‘सो सॉरी फॉर युवर लॉस. ईटीए क्या है?’

गजभिये फोटोपुढं मेणबत्ती लावत होते. ईटीए, म्हणजे पोचायची वेळ, हा एकच शब्द त्यांच्या ओळखीचा. त्यांनी वळून विचारलं, ‘कोणती गाडी लेट झाली?’

हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. सांगताना हसले. आम्ही त्यांच्या कागदाच्या कपाकडे बघत राहिलो.

*

जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवायचं, की पुसून नव्यानं सुरू करायचं? साहूच्या मते, ‘नया डालो, एकदम फ्रेश!’ दुकानात आलेल्या पल्लवीला सगळं जसंच्या तसं हवं होतं, नितीनच्या नावाच्या खात्यासकट.

देशमुखांना सल्ल्याची संधी कधी सोडवत नाही. ‘हे बघ पोरी, जुनं पुसून टाकावं. माणसानं पुढं जावं. मशीन काय आणि आयुष्य काय!’

इथल्या पोरींना मराठी कळते, पण उत्तर हिंदीत येतं. पल्लवी शांतपणे म्हणाली, ‘अंकल, आंटी का स्कूटर अभी भी आँगन में ही खड़ा है ना?’

देशमुख त्या दिवशी चहा अर्धा टाकून गेले. त्यांच्या मंडळींना जाऊन किती काळ झाला ते माहीत नाही, पण स्कूटरवर दर रविवारी फडका मारताना मी त्यांना पाहिलंय.

*

हे मशीन सुरू होतं कसं, ते मी एकदा त्यांच्या घरी पाहिलं. सकाळी पल्लवी पासवर्ड टाकायची आणि पोळ्यांना लागायची. पडद्यावर नितीनचा छोटा फोटो, खाली त्यानंच देवनागरीत घातलेलं नाव, ‘नितीन’, आणि त्याखाली गोल फिरणारे ठिपके. फिरतायत, फिरतायत. शांताबाई चहाचा कप घेऊन समोर खुर्चीत. कप संपेपर्यंत मशीन काही पुढं सरकायचं नाही, फोटो तिथंच.

‘पॅसेंजर हाय बाबू,’ गजभिये मला म्हणाले. ‘रोज आउटर सिग्नलले उभी राह्यते.’

मी आपलं बोलायचं म्हणून बोललो, ‘वहिनी, फारच वेळ लागतो हो!’

शांताबाईंनी मान वळवली नाही. ‘लागू द्या ना. त्याले कुठं जायाचं हाय?’

*

नवी डिस्क नागपुरहून आली. दोन टीबी, बरोबर गेजची. साहूनं जुनं सगळं तिच्यावर उतरवलं. काम धडाधड जाऊ लागलं. महिनाअखेर कंत्राट पुन्हा मिळालं. गजभियेंनी बाकावर पेढे वाटले आणि ठेलेवाल्यानं त्यांना काचेच्या ग्लासात चहा दिला. देशमुखांनीही पेढा घेतला.

दोन दिवसांनी पल्लवी स्वतःच मशीन रिक्षात घालून दुकानात आली. साहू घाबरला. ‘क्या हुआ दीदी? फिर अटक रहा है?’

‘नहीं भैया, बढ़िया चल रहा है. बहुत तेज़ है.’

‘फिर?’

तिनं आमच्याकडे बघितलं. ‘मम्मी चाय लेकर बैठती हैं, तब तक खुल जाता है. कल बोलीं, आला बी नाही तं गेला बी?’

साहूला कळेना. गजभिये रस्त्याकडे बघत होते. त्यांना ऐकू आलं की नाही, सांगता येत नाही.

‘काम में तेज़ ही रहने दो, भैया,’ पल्लवी म्हणाली. ‘बस चालू होने में... थोड़ी देर लगे, ऐसा कुछ होता है क्या?’