मुमताजभाभीच्या कामाचं नाव

मुमताजभाभी गेल्याचा फोन आला तेव्हा मी गिरणीत दळण घेऊन बसले होते. झोपेतच गेली म्हणे... आमच्या पाथर्डीकडच्या गावात ती कितीतरी वर्षं आशाताई होती, आणि माझी त्याहून जुनी मैत्रीण. आठवड्यानं पारावर शोकसभा झाली. माईक पुरुषांच्याच हातात. पोलिओचे डोस सांगून झाले, तापाच्या गोळ्या सांगून झाल्या, पण ज्या कामासाठी तिनं शिव्या खाल्ल्या त्याचं नाव कुणाच्या तोंडून निघेना. पोरं जन्माला घालताना नाही लाजले हे, माईकवरच बरी लाज वाटली!

म्हणून मी सांगते. लता आणि तिची जाऊ, दोघी ऊसतोडीला जाणाऱ्या. भाभीनं दोघींना रोजच्या गोळ्यांची पाकिटं दिली होती. फडावर जावेचं पाकीट भिजलं, तर दोघींनी लताचं एकच वाटून घेतलं. एक दिवस हिनं, एक दिवस तिनं... भाकरी वाटून खाणाऱ्या बायका, गोळी का नाही वाटणार? जावेचं निभावलं, लताला दिवस गेले. तिसरी मुलगी झाली तेव्हा इतकं रक्त गेलं की लता मरता मरता वाचली. डॉक्टरांनी नवऱ्यासमोर बजावलं, पुन्हा बाळंतपण झालं तर बाई हाती लागणार नाही.

भाभी माझ्या ओट्यावर बसून रडली. "चूक माझी हाय. पाकीट दिलं, पर गोळी काय करती ते न्हाई सांगितलं." त्यानंतर तिनं नुसतं पाकीट कुणाच्या हातात ठेवलं नाही. बायकांना बसवून सांगायची, की गोळीमुळं बाईचं बीज बाहेर पडत नाही, पण ती रोज घ्यायची, चुकली की भरवसा गेला. इंजेक्शनही तेच करतं, ते दर तीन महिन्यांनी. तांबी गर्भपिशवीत बसते, तिच्या तांब्यानं पुरुषाचं बीज निकामी होतं, आणि नको असेल तेव्हा दवाखान्यात काढता येते. ऑपरेशनात फक्त नळ्या बंद करतात, पिशवी काढत नाहीत, पाळी येतच राहते. सगळं सांगून झालं की त्या बाईकडून ते परत वदवून घ्यायची.

लतानं तांबी बसवली. तिचा नवरा संपत भाभीच्या दारात येऊन नाही नाही ते बोलला, पोरगा व्हायच्या आधीच माझं घर बुडवलं म्हणाला. भाभी म्हणाली, "दादा, डॉक्टर बोलले तवा तू बी तिथंच हुतास. तांबी नको तर तू नसबंदी कर, टाका बी लागत न्हाई." तेव्हापासून त्यानं तिला ओळख दाखवली नाही.

आणि शोकसभेत पहिला हार त्यानंच घातला! वर माईकवर म्हणतो, भाभींचे आमच्या घरावर लई उपकार हायेत. माझं डोकंच फिरलं. मी जागेवरनं उठले आणि विचारलं, "कोणते उपकार, संपत? नाव घे की."

त्यानं माईक शेजारच्याकडं सरकवला. बायकांच्या घोळक्यातनं लता उभी राहिली, धाकटी तिच्या कडेवर.

"तांबी," ती म्हणाली. "माझ्या पिशवीत हाय, म्हणून मी हितं उभी हाय."