हाडाची की आडाची

माझ्या साडूंइतका मागे बघत पुढे चालणारा, आणि तरीही कुठे न धडपडणारा माणूस पनवेलमध्येच काय, घाटाच्या अल्याड-पल्याड कुठे सापडायचा नाही. धंदा पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा, शिक्षण बारावी (तीही दोन हप्त्यांत) आणि वेड इतिहासाचं. इतिहासाचं वेड म्हटलं की लोकांना गड, तलवारी आणि गाडीच्या मागच्या काचेवरचे स्टिकर आठवतात. साडूंना त्यातलं काही लागत नाही. त्यांना पानिपताची गोष्ट सांगायला घ्या, तोफा मैदानात यायच्या आत ते विचारणार, "पीठ किती दिवसांचं होतं?" मी एका कॉलेजात व्यवस्थापन शिकवतो. एकदा मोठ्या हौसेने त्यांना आमच्या मुलांपुढे नेतृत्वावर बोलायला बोलावलं. मुलं टाय लावून बसलेली. साडू अर्ध्या बाह्यांच्या शर्टात आले, फळ्यावर 'रसद' एवढा एकच शब्द लिहिला आणि तासभर पीठ, चारा आणि बैलांचे खुर यांवर बोलले. शेवटी एकीने धीर करून विचारलं, "सर, पण लीडरशिपचं काय?" साडू म्हणाले, "बैल लंगडतोय हे ज्याला सगळ्यात आधी दिसतं, तो लीडर. घोड्यावर कोण बसलाय ते बघू नका." अठरा वर्षं मी त्याच खोलीत बाणांच्या आकृत्या दाखवत आलो होतो. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा दाखवताना मला स्वतःचीच लाज वाटली.

त्यांच्याबरोबर बाहेर जेवायला जाणं म्हणजे उत्खननाला जाणं. नवीन हॉटेलात पाऊल टाकलं की ते मेनूकार्डाच्या आधी वेटरला विचारतात, "इथे आधी काय होतं? आणि त्याच्या आधी?" उरण नाक्याजवळच्या एका जागेत दहा वर्षांत पाच हॉटेलं बुडाल्याचं त्यांना पाठ आहे, आणि सहाव्याच्या मालकाला त्यांनी ते उद्घाटनाच्या दिवशीच, पेढा तोंडात असताना सांगितलं. माझी मेहुणी त्यानंतर दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. जुनं यंत्र विकत घ्यायचं तर हे आधी ते चालवणाऱ्या कामगाराचं घर शोधत आपटा गावापर्यंत जातात, त्याच्या अंगणात बसून चहा पितात आणि यंत्र कुठल्या महिन्यात रुसतं ते विचारून घेतात. नोकरीला आलेल्या माणसाला सगळे विचारतात, इथे का यायचंय. साडू विचारतात, "तिथला शेवटचा दिवस कसा गेला?" याच्या उत्तरात, त्यांच्या मते, माणसाचा सगळा इतिहास येतो. मी घरी जाऊन माझ्या जुन्या नोकऱ्यांतल्या शेवटच्या दिवसांची उजळणी केली होती. फारसं भूषणावह काही निघालं नाही.

पण कळस म्हणजे त्यांची बखर. लोकांच्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल असतात, यांच्या कारखान्याची बखर आहे, आणि तिच्यात फक्त फजित्या. दसऱ्याला यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या, पेढे वाटून झाले की साडू खुर्चीवर उभे राहतात आणि वर्षभराच्या चुका मोठ्याने वाचतात. सुरुवात स्वतःपासून. "ते समयी मालकांस सर्दी जाहली. खळीचा वास न आला. खळ नासकी निघाली. अडीचशे खोकी भर बाजारात उघडली. हापूस रस्त्यावर धावला. बहुत फजिती जाहली." चाळीस माणसं पोट धरून हसतात. मीही पहिल्या वर्षी हसलो. मग लक्षात आलं की एकदा बखरीत गेलेली चूक त्या कारखान्यात पुन्हा झालेली नाही, आणि चूक केली म्हणून तिथे कुणी तोंड लपवत नाही. आमच्या कॉलेजात एक चुकीचं वेळापत्रक लागलं तर तीन समित्या बसतात आणि शेवटी दोष छपाईयंत्राला देतात.

असा हा माणूस दोन वर्षांपूर्वी मात्र खरोखर अडचणीत आला. ज्या भाड्याच्या गाळ्यात कारखाना होता, तिथे टॉवर उभा राहायचा होता आणि दिवाळीपर्यंत जागा सोडायची होती. त्यांची मुलगी केतकी आता कारखाना बघते. तिने भिवंडीला शेड शोधली होती. शेड उत्तम, पण चाळीसपैकी तीस माणसं उलवे, गव्हाण आणि आसपासच्या गावांतली, त्यातल्या निम्म्या बायका. त्या रोज भिवंडी गाठू शकणार नव्हत्या. भिवंडी म्हणजे कारखाना वाचला आणि माणसं गेली. जवळपास परवडेल अशी एकच जागा उरली होती. गव्हाणच्या पुढे, एका गावाच्या खाडीकडच्या अंगाला, कित्येक वर्षं पडीक. सगळीकडे क्रेन, डंपर आणि धुरळा, आणि मधोमध हा एक तुकडा कुणी हात न लावलेला. कारण कागदावर त्या शेताचं नाव होतं 'हाडाची'. तिथे पूर्वी मढी पुरत, अशी बोलवा होती. कारखान्यातल्या बायकांनी तर तोंडावर सांगितलं, "शेट, तुमी कुटंबी न्या, पन आमी थितं पाय ठेवनार नाय."

केतकी वैतागली. "बाबा, सीरियसली, हा विषय संपला. भिवंडी फायनल करू या." साडूंनी पंधरा दिवस मागून घेतले. त्यांना त्या नावात काहीतरी खटकत होतं. मला म्हणाले, "प्राध्यापक, शेताला नाव देणारा शेतकरी. कागदावर लिहिणारा शहरातला. या दोघांच्या मध्ये कान असतो. आपण तो कान तपासू." मग गावातलं सगळ्यात जुनं माणूस शोधलं. नव्वदीच्या घरातल्या एक आजी निघाल्या, मिठागरावर आयुष्य काढलेल्या. साडूंनी कारखान्यातल्या सात-आठ बायकांना मुद्दाम बरोबर घेतलं. केतकी आणि मीही होतो.

"आजी, त्या खाडीकडच्या शेताचं नाव काय हो?"

"आडाची."

"हाडाची?"

"हां, आडाची."

साडूंचा चेहरा उजळला, आणि लगेच मावळला. आमच्याकडच्या जुन्या बोलीत 'ह'चा भरवसा नाही. 'हाय'मध्ये तो ठाण मांडून बसतो आणि 'आमी-तुमी'तून बेपत्ता होतो, आणि आजींनी तर 'हां' आणि 'हाय' सोडून तो पार टाकून दिला होता. साडूंनी आपलं मनगट पुढे केलं, त्यावरचं टपोरं हाड दाखवलं. "आजी, हे काय?"

"आड."

"आणि पाणी काढायची ती गोल, खोल विहीर?"

"आड."

केतकीने कपाळावर हात मारला. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मलाही हसू आवरेना. साडू तेवढे हसले नाहीत. ते आजींच्या अगदी जवळ उकिडवे बसले आणि त्यांनी विचारलं, "आजी, त्या शेतातनं काय निघायचं?"

आजींनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की कॉलेजात कुणी माझ्याकडे तसं पाहिलं असतं तर मी राजीनामा दिला असता. "पानी! दुसरा काय निंगंल? सगल्या खारीत तेवराच गोरा पानी. मिठागरावरशी आमी समद्या बाया थितंच येवाचो. उधानाचा पानी समद्या शेतांत भरं, थितं नाय. उंच हाय ती जागा."

गोरा पानी म्हणजे गोडं पाणी, सगळ्या खारजमिनीत तेवढंच. कधीकाळी एक शिकलेला कारकून त्या गावात येऊन बसला असेल. ही माणसं 'ह' खातात एवढं त्याला ठाऊक होतं. कुणीतरी 'आडाची' म्हणालं, आणि त्याने उदार मनाने त्यांचा गळलेला 'ह' परत जोडून दिला. तेवढ्या एका अक्षरापायी गोड्या पाण्याच्या जागेचं मसणवटं झालं. परतताना साडू म्हणाले, "अडाण्याची चूक लगेच दिसते हो. शिकलेल्याची चूक नोंदीत जाते आणि मग लोक तिला घाबरतात." मला ते वाक्य फार लागलं. मी शिकलेला आहे.

साडूंनी तेवढ्यावर भागवलं नाही. दुसऱ्या दिवशी जमिनीच्या मालकाला विचारून, आजींनी सांगितलेल्या ठिकाणी खणायला माणसं लावली. तिसऱ्या दिवशी काळ्या दगडांचं गोल कडं लागलं. त्याच्या काठावर दोर घासून घासून पडलेल्या खाचा होत्या, बोट जाईल एवढ्या खोल. आदल्या आठवड्यात पाय ठेवणार नाही म्हणणाऱ्या बायका एकेक पुढे आल्या आणि त्या खाचांवरून हात फिरवू लागल्या. एक म्हणाली, "माज्या आज्जीनंबी काडला आसंल पानी हितनं." भिवंडीचा विषय केतकीनेच बंद केला. पुढे शेडच्या नकाशात माल चढवायची जागा नेमकी आडावर येत होती, तर तिने नकाशा बदलून घेतला. त्या पावसाळ्यात अमावास्येच्या उधाणाला आजूबाजूच्या नव्या कोऱ्या प्लॉटांत गुडघाभर पाणी शिरलं आणि आमच्या साडूंची शेड कोरडी ठणठणीत उभी राहिली. मी छत्री घेऊन ते बघायला गेलो होतो. मोठमोठ्या कंपन्यांचे तज्ज्ञ ज्या जमिनीला चुकले, ती एका खोकीवाल्याने म्हातारीला चार प्रश्न विचारून ओळखली. मी त्या माणसाकडे पाहिलं तेव्हा मला अगदी खरं सांगायचं तर पाया पडावंसं वाटलं. साडूच्या पाया पडायची पद्धत नाही म्हणून राहिलं.

कारखाना सुरू झाला त्या दिवशी साडूंनी आजींना गाडी पाठवून आणवलं. गाळ उपसलेल्या आडात पुन्हा पाणी धरलं होतं. केतकीने स्वतः बादली ओढली आणि तांब्या आजींच्या हातात दिला. चाळीस माणसं भोवती उभी. आजींनी डोळे मिटून दोन घोट घेतले. दुसरा तोंडात घोळवला. मग डोळे उघडून म्हणाल्या, "गोराच हाय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तांब्या साडूंकडे आला, त्यांनी घोट घेऊन तो माझ्याकडे दिला. मी घोट घेतला. पाणी खारट होतं. सगळीकडे भराव पडला, डोंगर फुटले, ओढे बुजले. त्या एवढ्याशा आडाने एकट्याने किती दिवस तग धरायचा? मी साडूंकडे पाहिलं. त्यांनाही कळलं होतं. आजी त्यांच्याच तोंडाकडे बघत होत्या, लहान मुलासारख्या, जरा घाबरून.

"हो आजी," साडू म्हणाले, "गोडच आहे." आणि माझ्या हातातून घेऊन उरलेला तांब्या त्यांनी तिथेच उभ्याने पिऊन संपवला.