मोजणीबाईंचा कॉम्प्युटर

लॅबमध्ये त्यांना सगळे मोजणीबाई म्हणत. रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या. त्यातल्या पाच जातींपैकी कुठली किती, ते डॉक्टरांना लिहून द्यायचं. डोळा वर, बोटं खाली पाच बटणांवर. टक टक टक. तेवीस वर्षं हेच. मोठ्या लॅबमध्ये या कामाला यंत्रं असतात. डॉक्टरांच्या तीन खोल्यांच्या या लॅबमध्ये यंत्र म्हणजे बाई.

गेल्या वर्षी एक रिपोर्ट डॉक्टरांना पटेना. "बाई, परत मोजा बरं," ते म्हणाले. बाईंनी परत मोजलं तर आकडे भलतेच आले. पहिल्यांदा चुकलं होतं हे उघड होतं. डॉक्टर "होतं असं कधीतरी" म्हणून मोकळे झाले, पण बाईंच्या मनात ते सलत राहिलं. हे पकडलं गेलं म्हणून कळलं. जे पकडलं गेलं नसेल त्याचं काय? आपली मोजणी तपासणारं या लॅबमध्ये दुसरं कोणीच नाही, ही गोष्ट त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा टोचली.

मग त्यांनी दुसरा डोळा तयार करायचं मनावर घेतलं. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला फोन लावून एकेका पेशीचा फोटो काढायचा आणि त्यावर जात लिहून ठेवायची. असे चार हजार फोटो जमले. ते बघून मशीनला जाती ओळखायला शिकवायचं, म्हणून बसमध्ये जाता-येता फोनवर प्रोग्रामिंगचे धडे गिरवले. एवढं झाल्यावर घरचा जुना लॅपटॉप धापा टाकायला लागला, तेव्हा बाईंनी बाजारातून एक डेस्कटॉप आणि फोटोंची आकडेमोड भराभर करणारं, कोणीतरी वापरून विकलेलं ग्राफिक्स कार्ड आणलं, आणि गुरुवार ते शनिवार रजा टाकली. रविवार धरून चार दिवस. पुष्कळ झाले, असं त्यांना वाटलं.

गुरुवारी सकाळी कार्डच कॉम्प्युटरच्या डब्यात बसेना. दोन बोटं लांब होतं. समोर हार्ड डिस्क ठेवायचा पत्र्याचा पिंजरा आडवा येत होता. दुकानदाराला फोन केला.

"मॅडम, बसतं ते. जरा तिरकं घाला."

"तिरकं, उभं, आडवं, सगळं करून झालं."

"मग डबा बदलावा लागेल," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलू लागला.

सासरे हे सगळं दारातून बघत होते. त्यांचा जन्म एका कंपनीत टाइपरायटर दुरुस्त करण्यात गेलेला. टाइपरायटर संपले तरी हत्यारांची पेटी पलंगाखाली तशीच होती. ते ड्रिल घेऊन आले, पिंजऱ्याचे चार रिवेट उडवले आणि पिंजरा बाहेर काढून टेबलावर ठेवला.

"घाल आता."

कार्ड बसलं. बाईंनी बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन काळा. वायरी काढल्या, पुसल्या, परत लावल्या. काळाच. दीड तासाने लक्षात आलं, की स्क्रीनची वायर कार्डाला लावायची ती आपण जुन्या जागी लावली आहे. बाईंनी कपाळाला हात लावला. सासऱ्यांनी मान वळवून खिडकीबाहेर बघितलं, म्हणजे त्यांना हसू आलं होतं.

खरं दुखणं शुक्रवारी सुरू झालं. मशीनला कार्ड ओळखता यावं म्हणून ड्रायव्हर टाकला, प्रोग्रामला लागणाऱ्या तयार कोडची लायब्ररी टाकली, प्रोग्राम चालवला. मशीन म्हणालं, लायब्ररी सापडत नाही. परत टाकली. मशीन म्हणालं, ती तर आधीच टाकलेली आहे. परत चालवला. सापडत नाही.

"आहे म्हणतोस आणि सापडत नाही म्हणतोस! डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" बाई स्क्रीनवर ओरडल्या.

मग त्यांनी दिसेल ते करून पाहिलं. ड्रायव्हर जुना टाकला, प्रोग्राम ज्या भाषेत लिहिला होता त्या पायथनची नवी आवृत्ती टाकली, मग त्याहून जुनी टाकली. एका एररचं डोकं दाबावं तर दुसरी दोन वर येत. इंटरनेटवरच्या एका मंचावर प्रश्न लिहिला. अर्ध्या तासाने उत्तर आलं: हा प्रश्न पूर्वी विचारला गेला आहे, आधी शोधा. बाईंनी शोधलं. पूर्वी ज्याने विचारला होता त्यालाही हेच उत्तर मिळालं होतं.

संध्याकाळी नवरा कामावरून आला. जेवायच्या टेबलावर वायरी, स्क्रू आणि उघडं मशीन.

"अगं, जेवायला बसायचं कुठे?"

"डोक्यावर बसा माझ्या!"

नवरा ताट घेऊन बाल्कनीत गेला.

शनिवारी बाईंनी सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात केली. दुपारपर्यंत पुन्हा तिथेच. सासरे शेजारी खुर्ची ओढून बसले होते.

"आत्ता काय बदललंस?"

"ड्रायव्हर. आणि पायथन. आणि ती लायब्ररी पण."

"तिन्ही एकदम?"

"हो! मग?"

"मग दोष कुठल्यात होता, कसं कळणार? आमच्यात एक स्क्रू फिरवला की एक अक्षर उमटवून बघायचं. मग दुसरा. आणि केलं ते लिहून..."

"बाबा, हा तुमचा टाइपरायटर नाही!"

आवाज जरा जास्तच चढला. सासरे उठले, खुर्ची जागेवर नेऊन ठेवली आणि आपल्या खोलीत गेले. चहाला हाक मारली तरी आले नाहीत. बाई स्क्रीनसमोर बसून राहिल्या. रागाने डोळे भरून आले होते, आणि तो राग मशीनवर किती आणि स्वतःवर किती, हे त्यांचं त्यांना सांगता आलं नसतं. लॅबमध्ये एका काचेवर दोन रंग एकदम ओतले असते तर त्यांनीच शिकाऊ मुलीची हजेरी घेतली असती.

रविवारी सकाळी त्यांनी एक कोरी वही काढली आणि सासऱ्यांच्या दारात उभ्या राहिल्या.

"बाबा, मी एकेक गोष्ट करते. तुम्ही लिहाल का?"

सासऱ्यांनी चष्मा शोधायला उगाच वेळ लावला. मग आले.

एक बदल, एक ओळ. बाई स्क्रीनवरचे आकडे सांगत, सासरे ते टपोऱ्या अक्षरांत लिहीत. अकरावी ओळ लिहून झाल्यावर सासऱ्यांचं पेन थांबलं.

"अगं, लायब्ररी टाकलीस तेव्हा पायथनपुढे तीन दशांश अकरा सांगितलंस. चालवलंस तेव्हा तीन दशांश आठ. दोन आहेत का यात?"

बाईंनी तपासलं. दोन होते. एक मशीनबरोबर आलेला, एक त्यांनी टाकलेला. दोन दिवस त्या सामान एकाच्या घरात नेऊन ठेवत होत्या आणि मागायला दुसऱ्याच्या दारात जात होत्या.

जुना काढला नाही, फक्त कुठला वापरायचा ते मशीनला नीट सांगितलं. प्रोग्रामने विचारलं, कार्ड आहे का? उत्तर आलं: आहे. चार दिवसांच्या उरस्फोडीनंतर एवढा एक शब्द. बाईंना टाळी वाजवायचंही त्राण नव्हतं.

चार हजारांतले काही फोटो परीक्षेसाठी बाजूला ठेवून बाकीचे मशीनला शिकायला दिले. मेमरी अपुरी पडली म्हणून फोटो लहान केले, थोडे थोडे दिले. कार्डाचा पंखा मिक्सरसारखा घोंगावत राहिला. दुपारी निकाल आला. शंभरात त्रेसष्ट बरोबर.

"पास!" सासरे म्हणाले.

बाईंनी एकेक उत्तर उघडून बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. रक्तात न्यूट्रोफिल जातीच्या पेशी सगळ्यांत जास्त, फोटोंतही शंभरात त्रेसष्ट त्याच. मशीनने सरसकट प्रत्येक फोटोला न्यूट्रोफिल म्हटलं होतं. काही शिकलंच नव्हतं ते. जे जास्त दिसतं तेच बोलत सुटलं होतं.

"म्हणजे आमच्या हेड ऑफिसच्या साहेबासारखं," सासरे म्हणाले. "अर्ज न वाचता सगळ्यांवर एकच शेरा."

बाईंना हसू आलं आणि रडूही आलं. त्यांनी मशीन बंद केलं, टेबल पुसलं, आणि चार दिवसांनी घरातली सगळी माणसं एका ठिकाणी जेवली.

सोमवारी डॉक्टरांनी विचारलं, "काय बाई, झाला का तुमचा कॉम्प्युटर तयार?"

"चालू झालाय," बाई म्हणाल्या. "पण त्याला अजून काही कळत नाही. दुर्मिळ जातींचे फोटो फार कमी पडतायत. जुन्या काचा फेकू नका, मला लागतील."

"किती?"

"सगळ्याच द्या," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसाची पहिली काच त्यांनी भिंगाखाली सरकवली.