भिवंडीला, बकुळीच्या शोधात

बकुळीच्या अत्तराचे थेंब शाम्पूच्या बाटलीत टाकले आणि हात दुखेपर्यंत बाटली हलवली. सकाळी पाहतो तर तेल आपलं वर येऊन बसलेलं! तेव्हाच ठरवलं, भिवंडीच्या अत्तरवाल्याला गाठायचं.

आजारपणात हिचे केस गेले होते. आता बोटभर आलेत, पण डोक्यावरचा रुमाल सुटत नाही. म्हणते, "अजून दवाखान्याचा वास येतो हो." डोक्याला तेल सोसत नाही; शाम्पूत किंचित सुगंध चालेल, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या डोळ्यांपुढे मात्र बकुळीचा वळेसर माळलेली नवी नवरी.

कल्याणहून शेअर रिक्षा मिळते. ट्रक नि धूळ फार, सकाळीच निघावं. ही किती महिन्यांनी बाहेर पडली होती. रिक्षावाला वाटेतल्या कोन गावचा.

"काकू, कडंला बसा, वारा हाय."

"नको रे, रुमाल उडेल."

"उडू द्या की! मी न्हाय मागं बघत."

ही चक्क हसली.

भिवंडीत गल्लीत शिरताच कापडाच्या लूमची खडखड. बाकावर ठेका धरून आम्ही वर्गात कविता म्हणायचो, अगदी तीच लय! दुकानात एका भिंतीला अत्तरं, दुसरीकडे शाम्पूचे कॅन. मालक बिलालभाईंना माझी बाटली दाखवली.

"चाचा, अत्तर सीधा टाकलं? वो तो वरच बसणार ना!"

त्यांनी मधासारखा दाट द्रव काढला. तेल आणि पाणी, दोघांशी जमवून घेणारा. अत्तर आधी त्यात घोळवायचं, मगच पाण्याशी गाठ घालायची.

"कौनसा अत्तर?"

"बकुळ," मी म्हणालो.

"वाळा आहे का?" मागून हिचा आवाज.

मी मागे वळलो.

"बकुळ तुम्हाला आवडते. माझं डोकं दुखायचं त्या वासानं."

"मग माळायचीस कशाला?"

"तुम्ही कविता म्हणत आणायचात. नाही कसं म्हणणार?"

"चाचा, चाची की सुनो," बिलालभाई गालात हसले.

त्यांनी वाळ्याचा थेंब हिच्या मनगटाला लावला. उन्हाळ्यातला माठ आठवला. आधी ग्लासभर पाण्यात करून पाहिलं, तर पाणी दुधाळ झालं. पुन्हा नव्यानं केलं, तो दाट द्रव थोडा वाढवून, आणि पाणी नितळ! मग शाम्पूची पाळी. मी जुन्या कवितेच्या चालीवर ढवळायला घेतलं.

"अहो, हळू. फेस होतोय."

समोरच्या हॉटेलात डाळ-भात खाल्ला. साधा, गरम, खिशाला परवडणारा. परतताना ही रिक्षात कडेलाच बसली.

घरी आधी हातावर लावून पाहिलं, काही त्रास नाही म्हटल्यावर केस धुतले. बाटली अजून नितळ आहे. बकुळीचं अत्तर आता माझ्या सदऱ्याला. रुमाल दोरीवर वाळतोय.

काल शेजारीण दारात थबकली. "काकू, कसला हो वास हा? छान आहे!"

हिनं हसून डोकंच पुढे केलं. "घे, बघ."