हा प्लग काढू नये

सुधाकरकाका गेल्याचं मला एका न उघडणाऱ्या पानावरून कळलं. मंगळवारची सकाळ होती. ऑफिसात नुकतीच येऊन बसले होते आणि फोनवर निरोप आला, साहित्य केंद्राचं पान बंद आहे. आमच्या रायपूरच्या मराठी मंडळाचं हे केंद्र रुग्णांना व्हीलचेअर, वॉकर, एअरबेड, ऑक्सिजनचं मशीन असं सामान घरी वापरायला देतं. कोणाकडे काय गेलं आणि काय परत आलं, ही सगळी यादी काकांनी बनवलेल्या वेबसाइटवर असते. आणि ती चालायची काकांच्या समता कॉलनीतल्या घरातून, बैठकीच्या कोपऱ्यात स्टुलावर ठेवलेल्या एका जुन्या कॉम्प्युटरवरून. त्याला आम्ही सगळे डबाच म्हणायचो. पान बंद पडलं की मला निरोप यावा, ही सोय मीच करून ठेवली होती. सहा महिने आमचं नीट बोलणं नव्हतं. त्यामुळे खरं सांगायचं तर तो निरोप पाहून मला बरंच वाटलं, फोन करायला निमित्त मिळालं. ‘काका, तुमचा डबा झोपला का?’ असं विचारायचं मी मनाशी ठरवलंही होतं... फोन काकूंनी उचलला. “मीनल, तुझे काका गेले वं,” त्या म्हणाल्या. “सकाळी चहा घेता घेता गेले.”

तासाभरात मी पोचले. मुलगा नितीन बेंगळुरूहून संध्याकाळी येणार होता, म्हणून तोवर काकांना ठेवायला बैठकीत शीतपेटी आणली होती. त्या खोलीत जाड पिनेचा प्लग लागेल अशी जागा एकच. तिथे कॉम्प्युटरचा प्लग काढून पेटीचा लावलेला. वर भिंतीवर काकांच्या ठसठशीत अक्षरातला कागद तसाच चिकटलेला होता : ‘हा प्लग काढू नये.’ सगळे रडत होते आणि मला मात्र काकांचा राग आला. शंभरदा सांगितलं होतं, हे घरात ठेवू नका, एक दिवस कोणीतरी प्लग काढेल म्हणून. पण तो असा, तुमच्यासाठीच काढावा लागेल, हे कोणाच्या डोक्यात आलं असतं?

काका मूळचे वर्ध्याकडचे, रेल्वेत सिग्नल खात्यात होते. माझे बाबा आणि ते एकाच क्वार्टरच्या रांगेत राहिलेले, त्यामुळे मी त्यांच्या समोरच वाढले. निवृत्त झाल्यावर एक दिवस ते गोल बाजारातून आणलेली कापडी पुठ्ठ्याची जाड वही घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, “पोट्टे, हे वेबसाइटचं पान कसं बनते, मले शिकव.” केंद्राचं जुनं रजिस्टर हाताळून हाताळून फाटलं होतं आणि एकच व्हीलचेअर एकदा दोन घरी कबूल झाली होती, एवढं निमित्त त्यांना पुरलं. मला वाटलं पंधरा दिवसांत कंटाळतील. ते दोन हिवाळे चिकटून बसले. पहिल्यांदा पान तयार झालं त्या दिवशी त्यांनी मंडळाच्या एकूण एक कार्यकर्त्याला फोन करून पत्ता सांगितला, अमुक वाजता उघडा म्हणून. कोणाकडेच काही उघडेना. शेवटी माणूस चिडला, कॉम्प्युटरच स्कूटरवर मागे बांधला आणि भर गर्दीत सदर बाजारातून अध्यक्षबाईंच्या घरी नेऊन दाखवला. नंतर मला कळलं, त्यांनी सगळ्यांना लोकलहोस्टचा पत्ता दिला होता. “अहो काका, तो पत्ता म्हणजे ज्याचं त्याचं स्वतःचं मशीन. सगळे आपापल्या घरातच तुम्हाला शोधत बसले,” मी म्हटलं. काकांनी वही उघडून ते लिहून घेतलं.

ती वही हा त्यांचा खरा स्वभाव होता. पानावर तीन रकाने : काय दिसलं, काय सापडलं, काय केलं. सिग्नल खात्यात बिघाड असाच नोंदवायचे म्हणत. मी कामाला उतावळी, काही अडलं की पाच गोष्टी एकदम बदलून बघणारी. ते माझा हात अक्षरशः धरायचे. “एका वेळी एकच गोष्ट बदल. नाहीतर सुधारलं तरी काहून सुधारलं ते समजत नाही.” एकदा मी चेष्टेत विचारलं, काका, चूक कोणाची होती याचा रकाना कुठाय? ते हसले नाहीत. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी एका बिघाडापुढे हाताखालच्या खलाशाचं, म्हणजे मदतनीस कामगाराचं, नाव लिहिलं होतं. तो निलंबित झाला. चार दिवसांनी कळलं, केबल उंदरानं कुरतडली होती. “त्याच्या घरी मी माफी मागायले गेलो, तर त्याच्या बायकोनं मले पाणी दिलं,” काका म्हणाले. “शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.” त्यानंतर त्यांनी वहीत कधी कोणाचं नाव घातलं नाही.

आमचं बिनसलं ते उन्हाळ्यात. दुपारची विजेची लाइन जायची, पान बंद पडायचं, लोकांचे फोन यायचे. मी मागे लागले की हे सगळं भाड्याच्या सर्व्हरवर हलवू. त्यांना पटत नव्हतं. कोण आजारी आहे, कोणाच्या घरी कमोडची खुर्ची गेली, हे परक्याच्या जागी काहून ठेवायचं, असं त्यांचं म्हणणं. पण माझ्या हट्टापुढे ते नमले, आणि एका रविवारी मी बसून सगळं हलवलं. सगळं म्हणजे सगळं एकदम. प्रोग्राम, यादी, पत्ता, पासवर्ड... काका बाजूला बसून म्हणत होते, हळू, हळू. मी म्हटलं, हे माझं रोजचं काम आहे. पान झोकात उघडलं आणि मी घरी आले. मंगळवारी आमच्याच भागातल्या एका आजींच्या मुलानं ऑक्सिजनच्या मशीनसाठी केंद्राला फोन केला. कार्यकर्तीनं यादी बघून सांगितलं, मशीन बाहेर गेलंय. मशीन केंद्राच्या कपाटात होतं. नव्या जागी मी चाचणीसाठी ठेवलेली आठवडाभर जुनी यादीच उघडत होती. आजींना दवाखान्यात न्यावं लागलं. त्या बऱ्या होऊन घरी आल्या, पण ते मला आठ दिवसांनी कळलं, आणि ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत.

काका एक शब्द बोलले नाहीत. “सगळं घरी आणू परत. मी पाहून घेतो,” इतकंच. त्या न बोलण्याचा मी वाईट अर्थ लावला. माणूस मनातून मला कामातून गेलेली समजतो, असं मी ठरवून टाकलं, आणि लाजेचा राग करून बसले. जाणं थांबवलं. त्यांचे दोन-तीन फोन आले. “कधी येतं?” ते विचारायचे. मी कामाचं कारण सांगायची. मला वाटायचं, गेले की ती वही उघडतील आणि त्या रविवारच्या पानावर माझं नाव असेल.

तेरावं झाल्यावर काकूंनीच बोलावलं. केंद्राचे फोन सुरू झाले होते, आणि कोणाकडे काय आहे हे फक्त त्या डब्याला ठाऊक होतं. नितीन दारातच म्हणाला, “दीदी, ये डब्बा अब रखना है क्या?” मी म्हटलं, “हव, अभी रखना है.” प्लग लावला. मशीन सुरू झालं, पानही उघडलं, पण फक्त त्याच मशीनवर. बाहेरून, माझ्या फोनवर, काही नाही. माझे हात सवयीनं धावायला लागले. इकडे बदल, तिकडे बदल... मग मी हात मांडीवर ठेवले आणि वही मागितली. जुन्या एका पानावर सापडलं : ‘घरात उघडते, बाहेरून नाही. बराच वेळ बंद राहिल्यानं राउटरनं मशीनला नवा नंबर दिला. जुना नंबर हातानं दिला.’ मी तेवढी एकच गोष्ट बदलली. फोनवर यादी उघडली.

मग धीर करून तो रविवार काढला. ‘काय दिसलं : सामान कपाटात, यादीत नाही. काय सापडलं : नव्या जागी जुनी यादी जोडलेली राहिली. काय केलं : सगळं घरी आणलं.’ माझं नाव नव्हतं. खाली मात्र एक ओळ होती : ‘हलवणं बरोबरच आहे. पोट्टी आली की पुन्हा करू. एकट्यानं करायचं नाही.’ पुढची तीन पानं पायऱ्यांची होती. सतरा पायऱ्या, प्रत्येकीपुढे तपासणी काय करायची ते, आणि खूण करायला रिकामी चौकट. शेवटची दुरुस्ती गेल्याच महिन्यातली होती. सहा महिने सगळी तयारी करून तो माणूस माझी वाट बघत होता. मी काकूंच्या समोर, वही मांडीवर घेऊन, मोठ्यानं रडले.

दुसऱ्या रविवारी आम्ही बसलो. काकूंनी चष्मा लावला, त्या एकेक पायरी वाचायच्या, मी करायची, तपासणी झाली की त्या पेन्सिलनं खूण करायच्या. “झालं का? पाह्य बरं नीट,” असं काकांसारखंच म्हणायच्या. यादी मोजून जुळवली, मंडळाच्या तिघांना पान उघडायला सांगितलं, तिघांकडे उघडलं. सोळा झाल्या. सतरावी काकूंनी वाचलीच नाही, नुसती वही माझ्याकडे फिरवली. ‘घरचं मशीन बंद करणे. प्लग काढणे. भिंतीवरचा कागद काढणे.’

मी उठून स्टुलापाशी गेले, खाली वाकले. हात प्लगवर ठेवला होता.

“राहू दे,” काकू म्हणाल्या. “एका वेळी एकच म्हणत होते ना ते. आज इतकंच पुरे.”

त्याला आता दीड महिना झाला. यादी भाड्याच्या जागेवरून छान चालते, लाइन गेली तरी. बैठकीतलं मशीन अजून सुरू आहे, त्याला कोणी काही विचारत नाही. काकू रोज सकाळी त्याच्यावरची धूळ पुसतात. मी दर रविवारी जाते, चहा होतो, वही स्टुलावरच असते. सोळा चौकटींत पेन्सिलच्या खुणा आहेत. सतराव्या पायरीचं आम्ही दोघीही काही बोलत नाही.